अण्णा नाईकांसाठी हळहळलेल्या भावांनो, मीही तुमच्यातलाच

जरा मोठं लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यात सोडून लाइक करू नका, त्यापेक्षा न वाचता पुढे गेलात तरी चालेल.

परवा गावाकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर प्लॉटची जाहिरात पडली. जासईला लागून, अटल सेतू हाकेच्या अंतरावर, विमानतळ जवळ, कागद एकदम क्लिअर. खाली कुणीतरी साधा प्रश्न विचारला, 'बहिणींच्या सह्या झाल्यात का?' त्यावर जाहिरात टाकणाऱ्याने उत्तर म्हणून फक्त एक स्टिकर टाकला. अण्णा नाईक, डोळे वटारून बघणारे. बस. वीस-बावीस जणांनी हसून लोळणारी तोंडं टाकली. प्रश्न विचारणारा पुन्हा काही बोलला नाही.

मीही हसलो होतो. खोटं कशाला बोलू? पण मग रात्री पडल्या पडल्या 2020 च्या गणपतीतली एक रात्र आठवली, आणि झोप उडाली.

आधी एक सांगतो. मी 'रात्रीस खेळ चाले'चा कट्टर फॅन. 22 फेब्रुवारी 2016 ला पहिलं पर्व सुरू झालं तेव्हापासूनचा. रात्री साडेदहाला आमच्या घरात पाणी प्यायलाही कुणी उठायचं नाही. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, तो पांडू, ती माई, तो दत्ता. मालवणी आम्हा आगऱ्यांना सगळी कळायची असं नाही, पण वाडीतली माणसं कळायची. मुंबईहून आलेला शिकलेला भाऊ, गावात राहून राबलेला भाऊ, आणि दोघांच्या मधे पडलेली जमीन. हे कुणाच्या घरात नाही?

तेव्हा सिंधुदुर्गातून ओरड झाली होती. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, मालिका बंद करा. 2013 साली दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याला तीनही वर्षं झाली नव्हती. त्यामुळे ती ओरड मला अगदीच चुकीची वाटली नाही. पण खरं सांगू का, भुताला घाबरणारा माणूस मालिका बघण्याआधीही घाबरत होता. या मालिकेने आपल्यावर जो परिणाम केला तो दुसरीकडेच केला, आणि त्याबद्दल कुणी ओरडलं नाही. किंबहुना तो मालिकेने केलाच नाही, तो आपला आपणच करून घेतला.

14 जानेवारी 2019 ला दुसरं पर्व आलं. पहिलं पर्व अण्णांच्या मरणापासून सुरू झालं होतं, दुसरं त्याच्या मागे गेलं. म्हणजे अण्णा जिवंत असतानाची गोष्ट. शेवट काय होणार ते पहिल्या दिवसापासून माहीत. तरी पाहिली, कारण माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा काही उभा केला की नजर हटायची नाही. गावावर दरारा, बायकोला कस्पटासमान वागवणारा, बाहेर शेवंता, आणि वाटेत जो येईल त्याला संपवणारा. लिहिणाऱ्यांनी त्याला कुठेही चांगला दाखवलेला नाही. हा माणूस नीच आहे हे ते दर दोन भागांआड सांगत होते.

आणि आपण काय केलं? आपण त्याचे स्टिकर केले. वाढदिवसाच्या बॅनरवर त्याचा फोटो टाकला. भाषा बघा ना. अण्णांना आपण 'अहो अण्णा', शेवंताला 'अगं शेवंता'. अण्णा 'आले', शेवंता 'आली'. एका वाड्यातल्या माणसाने चारचौघांची आयुष्यं नासवली आणि त्याला आपण घरातल्या वडीलधाऱ्यासारखं मानाने बोलवायला लागलो. मीही बोलवतोय, याच पोस्टमध्ये. सवय जात नाही.

मग मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, शूटिंग थांबलं. जुलैत मालिका परत सुरू झाली तेव्हाच आम्हा फॅन लोकांना वास आला होता की आता गुंडाळणार. तसंच झालं. 29 ऑगस्टला, शनिवारी, शेवटचा भाग. म्हणजे दुसऱ्या पर्वाचा शेवटचा आठवडा बरोब्बर गणपतीत आला. त्या वर्षी चतुर्थी 22 तारखेला होती, गौरी 25 ला आल्या.

त्या वर्षीचा गणपती आठवतोय ना सगळ्यांना? आरतीला घरचीच माणसं, तोंडाला मास्क, भजन नाही, नाच नाही. आमच्या घरी बाहेरचं माणूस म्हणून एकच आलं, माझी मोठी आत्या. तिला शेजारच्याच गावात दिलीये. गौर माहेरी येते आणि गौरीबरोबर आत्या येते, हे आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. कोरोनाला घाबरून तीन जणांनी तिला येऊ नको सांगितलं. ती चालत आली.

रात्री सगळे टीव्हीसमोर. शेवटच्या दिवसांतला भाग. अण्णांना आता आपण संपवलेली माणसं दिसू लागलेली. ज्यांच्यावर आयुष्यभर पाय ठेवला ती समोर येऊन उभी राहतात आणि अण्णांचा तो सगळा रुबाब गळून पडतो. अभ्यंकरांनी ती घाबरगुंडी कमाल दाखवली होती. डोळ्यांत भीती, आणि भीतीच्या मागे अजूनही तोच माज. हिशोबाची वेळ आलीये आणि हिशोब द्यायची तयारी नाही. मला विचाराल तर अख्ख्या पर्वातलं सगळ्यात खरं काही असेल तर ते हे होतं.

आणि आम्ही घरातले पुरुष काय बोलत होतो? चुलतभाऊ म्हणाला, 'अण्णा गेले की मजा गेली यार.' काका म्हणाले, 'माणूस कसा का असेना, वचक होता.' मी मोबाईलवर स्टेटस टाकत होतो, अण्णांना मिस करणार वगैरे.

आत्या मागे भिंतीला टेकून वाती वळत बसली होती. टीव्हीकडे बघतच, कुणाला उद्देशून नाही अशी बोलली,

"मेल्यावच बाया हिसोब मांगाला येतान का रं? जित्यापनी कोन आयकतं त्यांचा?"

कुणी काही बोललं नाही. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ती असं का बोलली ते सांगतो. हे सांगताना मला लाज वाटते, म्हणूनच पाच वर्षं लिहिलं नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी आमचा साडेबारा टक्क्यांचा विषय मार्गी लागला होता. पनवेल-उरणच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या मित्रांसाठी थोडक्यात: नवी मुंबईसाठी आपल्या जमिनी गेल्या, त्या बदल्यात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळतो. जमीन आजोबांच्या नावावर होती. म्हणजे वारस सगळे. बाबा, काका आणि दोन्ही आत्या. कागद करायचा म्हणजे घरात शिकलेला कोण, तर मी. हक्कसोडपत्राचा मसुदा मीच टाइप करून घेतला. आत्याला मोटारसायकलवर मागे बसवून दुय्यम निबंधक कार्यालयात मीच नेलं. 'कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने' हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, 'कंची सही कुठं?' मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. येताना वडापाव खाल्ला. घरी आल्यावर बाबांनी तिला साडी दिली. एक साडी.

कुणी तिला धमकावलं नाही. कुणी डोळे वटारले नाहीत. आमच्या घरात अण्णा नाईक कुणीच नाही, सगळी साधी माणसं आहेत. गंमत तीच आहे. अण्णा नाईक लागतच नाही. तिला एवढंच माहीत होतं की सही नाही केली तर पुढच्या गौरीला या दारात तिला कुणी 'ये' म्हणणार नाही. माहेर पाहिजे असेल तर माहेरातला वाटा सोडायचा, हा सौदा आपल्याकडे कुठे लिहिलेला नसतो, पण प्रत्येक बाईला पाठ असतो.

आणि मालिका बघा. पहिल्या पर्वात सुशल्या वाड्यात येऊन उभी राहते, अण्णांची मुलगी म्हणून. आपण सगळे तिच्यावर चिडलो होतो की नाही? आली वाटा मागायला, असंच म्हणालो ना? अण्णांवर चिडलो नाही. जिने मागितलं तिच्यावर चिडलो.

योगायोग असा, की आत्या वाती वळत बसली होती त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी, 11 ऑगस्ट 2020 ला, सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात निकाल दिला होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्माने, मुलासारखाच, आणि 2005 चा दुरुस्ती कायदा आला तेव्हा बाप हयात होता की नाही याने फरक पडत नाही. मुळात आपल्या महाराष्ट्राने मुलींना सहदायाद करणारी दुरुस्ती 1994 सालीच केली होती. कायदा आत्याच्या बाजूने आहे, बऱ्याच वर्षांपासून आहे. पण एकदा नोंदणीकृत हक्कसोडावर 'राजीखुशीने' सही पडली की कायदा गेटबाहेर उभा राहतो.

आता मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट.

ही साडेबारा टक्क्यांची जमीन आपल्याला कुणी दान दिलेली नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984. जासईकराला या तारखा सांगाव्या लागत नाहीत. दि. बा. पाटील साहेब आपल्याच गावचे. जमिनीला योग्य भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर लढा चालू राहिला आणि त्यातून साडेबारा टक्के पदरात पडले. दरवर्षी 16 जानेवारीला आपण स्मारकावर हार घालतो. विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून मानवी साखळीत मीही उभा होतो.

आत्या 1984 ला सतरा-अठरा वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं. गावातल्या बायांबरोबर ती रस्त्यावर होती. लाठीचा मार तिने पाठीवर घेतलाय, ही गोष्ट आमच्या घरात कौतुकाने सांगतात. बाबा सांगतात, काका सांगतात, पाहुण्यांना सांगतात. ज्या जमिनीसाठी तिने मार खाल्ला त्या जमिनीच्या कागदावरून तिचं नाव मी काढलं. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच तोंडाने, आणि आम्हाला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

थोडं अजून मागे जाऊ. आपला रायगड जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. अलिबागजवळ चरीला 1933 पासून कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा-सात वर्षं शेत कसलं नाही. उपाशी राहिले, करवंदं विकली, पण खोतापुढे वाकले नाहीत. 1937 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली 1949 च्या कायद्याने. आपले पणजे ज्या वाड्यासमोरून चपला हातात घेऊन जायचे, तो वाडा त्यांनी पोट मारून रिकामा केला. आणि त्यांची पतवंडं आपण, वाड्यावरच्या एका माणसाच्या डोळे वटारण्यावर जीव टाकतो. त्याला हिशोब विचारायला मेलेली माणसं आली तर आपल्याला वाईट वाटतं, कुणाचं? त्याचं!

मला माहीत आहे काय कमेंट येणार. 'भावा, सिरियल आहे, मनोरंजन म्हणून बघ.' अरे, मी पण तसंच बघतो. खलनायक आवडणं हा गुन्हा नाही. अभ्यंकरांचं काम आवडलं, मलाही आवडलं, आजही युट्यूबवर तुकडे बघतो. प्रश्न असा आहे की आवडता आवडता आपण कुठल्या बाजूला जाऊन बसलो. नट आवडणं वेगळं आणि त्याचा चेहरा बहिणींच्या सह्यांच्या प्रश्नावर उत्तर म्हणून वापरणं वेगळं. परवा ग्रुपवर जे झालं ते मनोरंजन नव्हतं. ती धमकीच होती, फक्त हसत दिलेली. आणि बावीस जणांनी तिला टाळी दिली.

माझी आजी भुताच्या गोष्टी सांगायची. मिठागराच्या बांधावरचा गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, ओढ्याकाठची हडळ. आता तिथे कंटेनर यार्ड आहेत, रात्रभर फ्लडलाइट चालू, भूत बिचारं कुठे उभं राहणार? पण त्या गोष्टी नीट ऐकल्या तर एक कळतं. मुंजा म्हणजे लग्नाआधी गेलेला पोरगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. ज्याचं काहीतरी राहून गेलं, ज्याला मिळायचं ते मिळालं नाही, त्याचं भूत. श्रीमंत सावकार खाऊनपिऊन मेला आणि भूत झाला अशी गोष्ट आजीने एकही सांगितली नाही. आपल्या वाडवडिलांना भुतांमधून सांगायचं होतं ते हेच असावं, की देणं ठेवून मरू नका आणि कुणाचं राखून जगू नका. मी विज्ञान मानणारा माणूस आहे, भूत मानत नाही. पण हे मानतो.

तिसऱ्या पर्वाचं काय झालं तुम्ही पाहिलंच. 2021 ला आलं. वाड्यात आता अण्णा आणि शेवंता दोघंही भूत म्हणून, जोडीने. ज्याने छळलं तो आणि जिचा छळ झाला ती, दोघं एकाच रांगेत! हिशोबाचा विषयच संपला. मधेच अपूर्वा नेमळेकर गेली, कृतिका तुळसकर आली, तर आपण महिनाभर शेवंता जुनी बरी की नवी यावर भांडलो. कुठली शेवंता जास्त देखणी यावर. शेवंताचं नेमकं काय राहून गेलं होतं म्हणून ती फिरते, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मालिका तिथेच संपली होती माझ्यासाठी, भाग पुढे चालू होते एवढंच.

आणि दुसरं पर्व 29 ऑगस्टच्या शनिवारी संपलं, तर सोमवारी, 31 तारखेला, त्याच्या जागी काय आलं आठवतंय? 'देवमाणूस'. वाईकडच्या त्या गाजलेल्या खून प्रकरणावर बेतलेली. त्यात भूत नाही, वाडा नाही. गावाचा लाडका डॉक्टर, आणि गायब होणाऱ्या बाया. शनिवारी मेलेल्या माणसांना तरी हिशोब मागता येत होता, सोमवारपासून तेही बंद. आणि तो डॉक्टरही आपल्याला आवडला!

आता शेवटचं, आणि यासाठीच ही पोस्ट.

दिवाळीनंतर मी बाबा आणि काकांसमोर विषय काढला. म्हटलं, प्लॉट बिल्डरला द्यायचं चाललंय, आपल्या वाट्याला जे येईल त्यात आत्यांचं काय? बाबा गप्प बसले. काका म्हणाले, 'नसती भुतं उकरून काढू नको.' अगदी हेच शब्द. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला.

चुलतभाऊ म्हणाला, तिने स्वतः सही केलीये ना, मग? बरोबर आहे त्याचं. कागदावर तो बरोबर आहे. तो कागद मीच केलाय, मला माहीत आहे किती पक्का आहे ते.

मी त्यांना बदलू शकेन असं वाटत नाही. पण माझ्या वाट्याला जे येईल त्यातला हिस्सा मी दोन्ही आत्यांच्या नावे बक्षीसपत्राने करणार आहे. रीतसर नोंदणी करून. हे उपकार नाहीत, मी घेतलेलं परत करतोय, तेही पूर्ण नाही. इथे जाहीर लिहितोय ते मोठेपणासाठी नाही. चार लोकांनी वाचलं तर उद्या फ्लॅटचे भाव ऐकून मला मागे फिरता येणार नाही, म्हणून लिहितोय. मी स्वतःला ओळखतो.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. ती नकोच म्हणणार. 'माहेर तुटंल' म्हणणार. तिला कसं समजवायचं ते कळत नाहीये. तुमच्यापैकी कुणी आपल्या घरात हे केलं असेल, तर काय बोललात, कसं बोललात, ते कमेंटमध्ये लिहा. खरंच मदत पाहिजे.

आणि ग्रुपवर ज्याने तो प्रश्न विचारला होता, 'बहिणींच्या सह्या झाल्यात का,' तो भाऊ ही पोस्ट वाचत असेल तर, त्या दिवशी मी हसलो होतो. चुकलो. प्रश्न पुन्हा विचार. या वेळी मी तुझ्या खाली माझं नाव लिहीन.